त्या नऊ जणी

ऑपरेशनला होकार देताना फारसा विचार करावा लागत नाही. गाठ हाताला लागलेली असते, बायॉप्सीचा कागद समोर असतो, घरातली माणसे गाडी काढून उभी असतात. केमोच्या आणि रेडिएशनच्या महिन्यांतही पुढची तारीख दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली असते, आपण फक्त वेळेवर पोहोचायचे. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारात ठरवण्याची खरी वेळ येते ती हे सगळे आटोपल्यावर. केस परत येऊ लागलेले असतात, नातेवाईक ‘सुटलीस बाई एकदाची’ म्हणत पेढे मागत असतात आणि तेव्हा डॉक्टर सांगतात, आता एक गोळी, रोज, निदान पाच वर्षे. काही दिसत नाही, काही दुखत नाही, आणि तरीही घ्यायची की नाही याचे उत्तर द्यायचे असते.

माझ्या रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असे लिहिले होते. म्हणजे गाठीतल्या पेशी इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढणाऱ्या होत्या. पाळी जाऊन मला दहाएक वर्षे झाली होती. पण पाळी गेली तरी इस्ट्रोजेन पुरते थांबत नाही. अंगातल्या चरबीत अरोमाटेज नावाचे विकर ते थोडे थोडे तयार करत राहते. मला सुचवलेले लेट्रोझोल हे काम बंद पाडते. याच उपचारातल्या दुसऱ्या गोळीची, टॅमॉक्सिफेनची, रीत वेगळी. ते इस्ट्रोजेनला हात लावत नाही, पेशीतली त्याची जागा अडवून बसते. आमच्या वहिनींची समजूत होती की या गोळीने शरीरात हार्मोन भरतात, आणि त्या धास्तावल्या होत्या. खरे नेमके उलटे आहे. शरीर इतकी वर्षे जे बनवत आले ते ही गोळी काढून घेते. तिचा फायदा आणि तिचा त्रास, दोन्ही तिथूनच येतात.

हा उपचार जुना आहे. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रीची अंडाशये काढली तर काहींच्या गाठी आक्रसतात, हे ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली लिहून ठेवले. तेव्हा इस्ट्रोजेनचा शोधही लागला नव्हता. टॅमॉक्सिफेन १९६२ साली इंग्लंडमध्ये डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी बनवले, तेही संततिनियमनाच्या औषधाचा शोध चालू असताना. त्या कामाला ते उपयोगी पडले नाही. मग मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलात मेरी कोल यांनी ते स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि १९७१ साली निष्कर्ष छापून आले.

त्याच सुमारास आमच्या इंदूरच्या घरात माझी आत्या पदराआड गाठ घेऊन वावरत होती. होळकरांच्या चाकरीत दक्षिणेतून आलेल्या आमच्यासारख्या घरांत सणवार, गाणे, नाटक यांची चर्चा रात्र रात्र चाले. बाईच्या दुखण्याचा मात्र उच्चार होत नसे. तिला एमवाय रुग्णालयात नेले तेव्हा फार उशीर झाला होता. घ्यावे की न घ्यावे असे कुठलेच औषध तिच्यापुढे आले नाही. म्हणून मला ठरवायला मिळाले, ही गोष्ट मी कधी हलकी मानली नाही, त्या ठरवण्याने झोप उडाली असतानाही नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एका शेजारणीने पाच वर्षे बिनतक्रार गोळी घेतली होती. देवासच्या एका मामेबहिणीने चार महिन्यांत सोडली, कारण पूजेला खाली बसले की उठवेना. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, ‘‘आई, घेऊन टाक, त्यात विचार काय करायचा?’’ यांनी काहीच म्हटले नाही, फक्त माझ्या बाजूला बसून राहिले. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या त्याच्यापुरते खरे होते, आणि त्यातले कुठलेच माझ्या शरीराचे नव्हते.

मला आकडा हवा होता. धोका एक तृतीयांशाने कमी होतो, असे म्हटले की ऐकायला भरघोस वाटते. पण कशाचा एक तृतीयांश? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २० चाचण्यांतल्या २१,००० हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली आणि २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. इस्ट्रोजेनवर वाढणारा कर्करोग असूनही ज्यांना टॅमॉक्सिफेन मिळाले नाही, त्यांच्यापैकी शंभरातल्या ३३ जणी १५ वर्षांत या रोगाने गेल्या. ज्यांना ते सुमारे पाच वर्षे मिळाले, त्यांच्यातल्या २४. पुढे २०१५ साली असेही मांडले गेले की पाळी गेलेल्या स्त्रियांत लेट्रोझोलच्या जातीची औषधे टॅमॉक्सिफेनपेक्षा सरस ठरतात. दहा वर्षांत शंभरामागे आणखी साधारण दोन मृत्यू टळतात, मात्र हाडे मोडण्याचे प्रमाण वाढते.

एका दुपारी टॅमॉक्सिफेनचे ते आकडे घेऊन मी कालनिर्णयाच्या उलटलेल्या पानामागे पेन्सिलीने दहा बाय दहा चौकोन आखले. सदुसष्ट मोकळे सोडले. या गोळीशिवायही या रोगाने न जाणाऱ्या बायका त्या. चोवीस काळे केले. गोळी घेऊनही त्या गेल्या. उरलेल्या नऊ चौकोनांत तिरप्या रेघा मारल्या. गोळीने वाचल्या त्या एवढ्याच. रेघा माझ्या मीच मारल्या होत्या. खऱ्या शंभर जणींच्या अंगावर अशी काही खूण नसते. त्यांतली मी कोणती, हे आज कुणी सांगू शकत नाही. पंधरा वर्षे धडधाकट जगले, तर तेव्हाही सांगता यायचे नाही. मी त्या सदुसष्टांतली होते की नऊ जणींतली, हे कुठलाही स्कॅन दाखवणार नाही.

या निर्णयातले सगळे अवघडपण मला त्या पानावर दिसले. एरवी आपण निर्णयाची पारख त्याच्या फळावरून करतो. इथे फळ आले तरी ओळखता येत नाही. ज्या त्रासाच्या बदल्यात ते मिळायचे, तो मात्र रोज ओळखू येतो. घामाने भिजून रात्री उठावे लागते. सांधे धरतात. हाडे विरळ होतात, म्हणून डेक्सा स्कॅन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व मागे लागते. शरीर कोरडे पडते आणि नवराबायकोच्या जवळिकीत एक दुखणे येऊन बसते, ज्याविषयी आमच्या पिढीच्या बायका डॉक्टरांपुढेही तोंड उघडत नाहीत. अनेक जणी पाच वर्षांच्या आतच गोळी सोडतात, आणि त्यांतल्या कितीतरी कुणालाही न सांगता. त्यांना बेफिकीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी दिसणारे आणि न दिसणारे यांचे माप एकटीने काढलेले असते, कारण सोबत बसून ते काढायला कुणाला वेळ नसतो.

मी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले. न घेतली तर माझ्यासारख्या शंभर जणींत किती जणींना रोग परत येतो, आणि घेतली तर किती जणींना? माझी गाठ लवकर सापडली होती, काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोहोचला नव्हता. त्यामुळे माझा फायदा कमी निघाला. पण तो शून्य नव्हता. शिवाय इस्ट्रोजेनवर वाढणारा रोग पाच वर्षांनीच काय, पंधरा-वीस वर्षांनीही डोके वर काढू शकतो, हेही त्यांनी लपवले नाही. अडतिशीतल्या, पदरात लहान मुले असलेल्या बाईला हेच आकडे वेगळे बोलतील. ऐंशीच्या घरातल्या, हाडे आधीच ठिसूळ झालेल्या आजींनी ते ऐकून ‘नको’ म्हटले, तर तोही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. आकडा सगळ्यांना तोच सांगता येतो. त्याच्या शेजारी ठेवायचे आयुष्य ज्याचे त्याचे असते.

माझ्या आयुष्याचे माप मी असे काढले: मला अजून बरेच जगायचे आहे, आणि थोडा त्रास मला परवडतो. मी हो म्हटले. व्रत घेतल्यासारखे मात्र नाही. व्रतात खंड पडला की दोष लागतो, आणि गोळीकडे तसे पाहिले की त्रास सांगणे हीच लाजेची गोष्ट होते. सुरू करून पाहीन, काय होते ते सांगेन, असह्य झाले तर पुन्हा बोलू, असे मी आणि डॉक्टर दोघांनी ठरवले.

आणि सांगावे लागलेच. तिसऱ्या महिन्यात सकाळी मूठ मिटेना. पोह्यांवर घालायच्या जिरावणाच्या डबीचे झाकण मी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची, तरी हलायचे नाही. हे यायचे आणि न बोलता उघडून द्यायचे. डॉक्टरांनी थोडे दिवस गोळी थांबवली आणि मग त्याच जातीचे दुसरे औषध दिले. नियमित व्यायामाने ही सांधेदुखी कमी होते, असे चाचण्यांत दिसले आहे, म्हणून रोज भरभर चालायलाही लावले. दुखणे गेले नाही, पण सोसण्याजोगे झाले. ते मनात ठेवले असते तर गोळी डब्यात राहिली असती आणि दोष मी स्वतःला देत बसले असते.

आता ओळखीपाळखीच्या बायका विचारतात, घेऊ का? मी हो किंवा नाही सांगत नाही. आपला आकडा मागून घ्या, डॉक्टरांनी घाई केली तर पुन्हा जाऊन मागा, सुरू केलीत तर होणारा त्रास मोठ्याने सांगा, इतकेच सांगते. आणखी एक सांगते. गोळी घेऊनही रोग परतला तर घेणे फुकट गेले म्हणू नका. न घेता परतला तर स्वतःला गुन्हेगार ठरवू नका. त्या दिवशी जेवढे कळत होते तेवढ्यावर, शुद्धीत आणि डोळे उघडे ठेवून ठरवले असेल, तर पुढे काय झाले त्यावरून तो निर्णय चूक ठरत नाही.

त्या २१,००० जणींतल्या साधारण निम्म्यांच्या वाट्याला टॅमॉक्सिफेन आले नव्हते. त्यांच्यामुळेच आज आम्हाला नऊ हा आकडा सांगता येतो. मी त्या नऊ जणींत असेन किंवा नसेन, मी गोळी घेते आहे. उद्या हाडांनी फारच तक्रार केली, तर पुन्हा शंभर चौकोन आखून बसेन आणि कदाचित वेगळे ठरवेन. तो निर्णयही माझाच असेल, आणि आजच्याइतकाच बरोबर.