हिरव्याचं वजन

गणपतीचं विसर्जन झालं की मामाचं घर एकदम मोठं वाटायला लागतं. चाकरमानी मुंबईला परततात, माटवी रिकामी होते, पडवीत फक्त चपलांचे ओले ठसे उरतात. त्या वर्षी मी दोन दिवस जास्त राहिलो. आंबोलीच्या जंगलाचे पहाटेचे, धुक्यातले फोटो काढायचे होते, तेही कृष्णधवल. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काळेपांढरे कित्याक? कॅमेरो बिघडलो काय तुझो?" पण पहाटे साडेचारला अंगणात स्कूटर पुसत तोच उभा होता.

कृष्णधवल कशासाठी, याचं खरं उत्तर मी त्याला दिलं नव्हतं. मला लाल आणि हिरवा नीट कळत नाही. पूर्ण नाही असं नव्हे. चकचकीत लाल आणि गडद हिरवा ओळखतो. पण मातकट लाल, शेवाळी, तपकिरी, पिकायला आलेलं लिंबू, हे सगळं माझ्यासाठी एकाच मोठ्या संदिग्ध घराण्यातलं आहे. बारावीनंतर मर्चंट नेव्हीत जायचं ठरलं होतं. मेडिकलला डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९१७ साली प्रसिद्ध केलेली ही चाचणी. बाकीच्यांना त्या ठिपक्यांत आकडे दिसतात. मला ठिपके दिसले.

मी इंजिनीअर झालो, त्याचं फार दुःख नाही. दुःख वेगळ्याच गोष्टीचं झालं. डॉक्टरांनी आईला कागदावर एक्स आणि वाय काढून दाखवले. दोष एक्सवर असतो, मुलाला एक्स आईकडून मिळतो. आईने विचारलं, "म्हणजे माझ्याकडून?" ते "हो" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. त्या दिवसापासून माझे शर्ट आई निवडते. मी एकदा निळ्या पँटवर जांभळे मोजे घालून निघालो, तर दारात उभी राहून पुटपुटली, "माझ्यामुळे." दहा वर्षं झाली, तो शब्द अजून घरात आहे.

दाणोली सोडली आणि घाट लागला. पहिल्या काही वळणांनंतर धुकं असं आलं की हेडलाइटचा उजेड आमच्याच तोंडावर परत यायला लागला. मामाने दिवा खाली केला आणि रस्त्याकडेची पांढरी पट्टी धरून चालवत राहिला. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. अरबी समुद्राचे ढग इथे अडतात. आपण ज्याला धुकं म्हणतो तो बहुतेकदा जमिनीला टेकलेला ढगच असतो.

पायवाटेने आत शिरलो तेव्हा पुरता अंधार होता. कुठेतरी शीळ घालणारा कस्तूर सुरू झाला होता, निवांत, एखाद्या बेफिकीर माणसाने सायकलवरून शीळ घालत जावं तसा. ट्रायपॉड लावला. कॅमेऱ्याला काही म्हणजे काही सापडेना. ऑटोफोकस धुक्यात चाचपडतो, कारण त्याला कडा लागतात आणि इथे कडा नव्हत्या. फोकस हाताने केला. दर दोन मिनिटांनी लेन्सवर बारीक थेंब धरत होते. मामाने खांद्यावरचा पंचा दिला, तो ओला होता तरी चालला.

सव्वासहाच्या सुमारास जंगल उजळायला लागलं. उजळणं हा शब्द बरोबर नाही. उजेड कुठूनच येत नव्हता, तो हळूहळू सगळीकडे होता. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, म्हणून ते सगळे रंग सारखेच विखुरतात, आणि म्हणून धुकं पांढरं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. समोर दिसलं ते असं: जवळची अंजनी काळी, तिच्या मागचं जांभळीचं खोड राखाडी, त्यामागची झाडं पेन्सिलीने काढून खोडरबराने पुसल्यासारखी. शेवटची ओळ आहे की नाही याची खात्री नाही. इथे प्रत्येक झाड किती लांब आहे हे त्याच्या करडेपणावरून कळत होतं, आणि करडा मला पक्का येतो.

कॅमेऱ्याला मात्र तो येत नाही. त्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो, त्यामुळे धुकं मळकं येतं, चाळीतल्या जिन्याच्या भिंतीसारखं. एक स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो. एफ आठ, आयएसओ चारशे, पाव सेकंद. पान हललं की फोटो गेला.

खरी पंचाईत एरवी घरी येऊन होते. सेन्सर रंगीतच फोटो घेतो. त्याच्यावरच्या जाळीत दर चार चौकोनांतले दोन हिरवे असतात, ती रचना कोडॅकच्या ब्राइस बायर यांची. मग रंगाचा करडा करताना प्रत्येक रंगाला वजन द्यावं लागतं. प्रचलित सूत्रांपैकी एकात लालला ३० टक्के, निळ्याला ११ आणि हिरव्याला ५९. हे सूत्र कॉलेजात पहिल्यांदा फळ्यावर पाहिलं तेव्हा हसू आलं होतं. जगाच्या उजेडातला अर्ध्याहून जास्त हिस्सा ज्या रंगाचा, तोच नेमका माझ्याकडे धड पोचत नाही. ऑफिसात स्क्रीनवर लाल-हिरवे गोल असतात, चाचणी पास की नापास ते सांगणारे. एका शुक्रवारी मी नापास गोल पास समजून कोड पुढे ढकलला. विचारलं तेव्हा म्हणालो, घाईत बघितलं नाही. निष्काळजी म्हणवून घेणं सोपं वाटलं.

सातच्या आसपास मामाने माझा खांदा दाबला. "हलू नको. जनावर असा."

वाटेवर झुकलेल्या फांदीला, हातभर अंतरावर, चापडा. वेटोळं घालून, पानांत पान होऊन. मामा बोट दाखवत होता तरी दिसायला मला दोन श्वास लागले. एकदा दिसल्यावर मात्र त्याच्याशिवाय दुसरं काही दिसेना. मागे सरकून लांब लेन्सने चार फोटो घेतले. परत येताना म्हणालो, "हिरव्या पानांत हिरवा साप. तुला दिसला कसा?"

"हिरवो?" मामा थबकला. "हिरवो म्हणतस तर हिरवो असात. माका रंगाचा इचारू नको."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. लहानपणापासूनचं एकेक आठवायला लागलं. काजूचा बोंडू दाबून बघणारा मामा. बाजारात टोमॅटो नेहमी मामीला निवडायला लावणारा मामा.

चहाच्या टपरीवर त्याने सांगितलं. बाविसाव्या वर्षी ड्रायव्हरच्या सरकारी भरतीत सगळं पास झाला होता. मेडिकलला ठिपक्यांचं पुस्तक आलं. घरी येऊन म्हणाला, माकाच नोकरी नको. आजोबा त्याला आयुष्यभर आळशी म्हणत राहिले, आईसुद्धा म्हणायची. मी स्वतः ऐकलंय. "ताईक सांगू नको," मामा बशीत चहा ओतत म्हणाला. "ती जीवाक लावून घेता."

जॉन डाल्टनने १७९४ साली आपल्या रंगांधळेपणावर मँचेस्टरमध्ये व्याख्यान दिलं होतं. आपला भाऊही असाच आहे, हे त्याने सांगून टाकलं. आमच्याकडे व्याख्यानांची पद्धत नाही.

पुण्याला आल्यावर फोटो छापून घेतले. झाडांचे दोन चांगले आले होते. सापाचा आईने हातात घेतला, चष्मा वर-खाली केला. "यात साप कुठाय?" मी बोट ठेवलं. तिला तरीही वेळ लागला. रंगांनी लपवलेला आकार रंगांधांना कधीकधी आधी सापडतो, असं दाखवणारा एक प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला आहे. तो मी तिला ऐकवणार होतो, पण तिने विचारलं, "रंगीत नाही का?"

होता. रॉ फाइलमध्ये रंग तसाच असतो. मी लॅपटॉपवर उघडली आणि पहिल्यांदाच तिला विचारलं, "कुठल्या रंगाचा आहे गं?"

"हा? विटकरी आहे की. पोटाकडे पिवळट. हिरवा कुठून?" मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा पडला आणि ओठ तो शब्द उच्चारायला हलले.

"मामालाही कळला नाही," मी म्हणालो.

तिने लॅपटॉप थोडा लांब सरकवला. बराच वेळ काही बोलली नाही. नंतर मोबाइल उचलून स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं. फोन लागल्यावर तिचं पहिलं वाक्य मला ऐकू आलं. माहेरची बोली ती आमच्यासमोर सहसा बोलत नाही.

"बाबू, तू माका कधी बोललस नाय?"