नाफर्मान

वर्गात 'नाफर्मान' हा शब्द आला की मुले एकमेकांकडे बोट दाखवतात. हुकूम न मानणारा, एवढाच अर्थ त्यांना ठाऊक. पण उर्दूत हे एका फुलाचेही नाव आहे. इंग्रजीत त्याला लार्कस्पर म्हणतात. जांभळट निळ्या रंगाला 'नाफर्मानी' म्हणतात, तो या फुलावरूनच.

थंडीत रोपवाटिकांत विकतात तो लार्कस्पर परदेशी. आपल्या सह्याद्रीतली निळवंती निराळी, शास्त्रीय नाव डेल्फिनियम मलबारिकम. (निळावंतीच्या पोथीशी तिचा संबंध नाही, लोक हटकून विचारतात.) डेल्फिनियमच्या जगात तीनशेहून अधिक जाती, भारतातल्या बहुतेक हिमालयात. युनानी हकिमांचे जदवार हे तिकडच्याच एका जातीचे मूळ. निळवंती मात्र पश्चिम घाटाबाहेर कुठेच आढळत नाही.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात. अब्बा पिंपरीच्या कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाले तोवर गुडघे गेलेले, घाटमाथा चढणे संपले. पाऊस सरता सरता तिथल्या उतारांवर निळवंती फुलते. "एकदा पाहिली असती," असे ते दर दसऱ्याच्या सुमारास म्हणायचे. मागणे असे कधीच नाही. मी चुलतभावाला सांगून शेताच्या बांधावरचे चिमूटभर बी आणवले. कंद खणून आणू नकोस, हे बजावून सांगितले. मोजक्या डोंगरांवर उरलेल्या झाडाचा कंद उचलला की तिथली जागा कायमची रिकामी होते.

चिंचवडच्या चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत तिचा डोंगर कसा करायचा? काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून निम्मा मुरूम घातला. बी उथळ पेरून वर गोणपाट टाकले, कारण लार्कस्परचे बी अंधारात चांगले रुजते. पहिल्या पावसाळ्यात चार रोपे आली, नुसती पाने. हिवाळ्यात तीही वाळली. खरी परीक्षा त्यानंतर. कंद जमिनीखाली झोपतो, तेव्हा पाणी मिळाले तर कुजतो. जानेवारी ते मे कुंडी कोरडी ठेवायची. अम्मीला रिकामी कुंडी बघवेना. "मुई मिट्टी को क्या पूजना," म्हणत तिने त्यात दोनदा पुदिना खोचला. मी दोनदा उपटला. चाकणकडून येणारी धूळ, एप्रिलचा तापलेला स्लॅब. कुंडी जिन्याखाली सावलीत ठेवली. पावसाळ्यात चारांतले दोन कंद फुटले.

फूल तिसऱ्या ऑक्टोबरात आले. गुडघाभर दांडा, त्यावर नऊ फुले. प्रत्येकामागे शेपटीसारखी नळी, तिच्यात मध. अब्बांना खुर्चीसकट गच्चीत नेले. मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तिकडे कमरेइतकी असते," म्हणाले. मग बराच वेळ उठलेच नाहीत.

शेजारची पोरे हात लावायला आली तेव्हा मात्र तेच ओरडले. बरोबरच होते; या कुळातली झाडे विषारी असतात, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांत लार्कस्पर खाऊन गुरे दगावतात.

नवांतल्या दोनच फुलांना शेंगा धरल्या. चौथ्या मजल्यापर्यंत मधमाश्या थोड्याच येतात. बी अब्बांनी स्वतः कागदात बांधून वर उर्दूत तारीख घातली आहे. निम्मे कुंडीसाठी, निम्मे बांधावर परत पाठवायचे, असा त्यांचा हुकूम आहे.