अज्जीची चंद्रकळा

आमच्या आईचं माहेर बैलहोंगलचं. त्यामुळे अज्जा-अज्जीचं सगळं कन्नडमधून आणि बाकीचा संसार मराठीतून, अशी वाटणी आमच्या घरात पहिल्यापासूनच. बेळगावात याचं कुणाला नवल नाही. वाचकांपैकी निम्म्यांच्या घरी हेच असेल.

अज्जीला मी पाहिलेलं नाही. धाकटे मामा नऊ वर्षांचे असताना ती गेली. तिचा एकच फोटो आहे, पोस्टकार्डाएवढा, पिवळा पडलेला. खुर्चीत अज्जी, मांडीशी टेकून उभे चार वर्षांचे मामा, आणि अज्जीच्या अंगावर चंद्रकळा. मराठीत आपण चंद्रकळा म्हणतो, तिकडे चंद्रकाळी. साडी तीच, काळीभोर. तिच्यावर अज्जीनं स्वतः कसुती काढली होती, असं आई सांगायची. साडी पुढे कुठं गेली कुणास ठाऊक. उरला तो फोटो.

मामा यंदा चौऱ्याऐंशीचे झाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांचा फोन आला. "आता मला बरं दिसतंय रे. अव्वाचा फोटो जरा मोठा करून दे. चांगल्या कागदावर कर, माझ्यामागं पोरांना राहील असा."

माझा मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला तेव्हा त्याचा मोठा फोटो-प्रिंटर इथंच राहिला. सोबत एका पाकिटात पाच कागदही उरले होते. जर्मनीच्या हानेम्यूले कंपनीचा फोटो रॅग, ३०८ ग्रॅम, ए-थ्री आकाराचा. हा कागद शुद्ध कापसाचा असतो. आपला नेहमीचा झेरॉक्सचा कागद ऐंशी ग्रॅमच्या आतबाहेर, आणि हा चौपट वजनाचा. हातात घेतला की लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यासारखा वाटतो, पण मऊ. किंमत ऐकून आमची ही म्हणाली, "जपून हं, चुकला तर भाजीपाल्यातून कापून घेईन."

फोटो स्कॅन केला. पडद्यावर मोठा करून बघतो तर काय! काळ्या साडीवर बारीक टाके दिसायला लागले. पदरावर गोपुरं, मध्ये तुळशीकट्टा. मूळ फोटोत नुसत्या डोळ्यांना जे कधी दिसलं नव्हतं ते डोळ्यासमोर आलं. मला वाटलं, झालंच काम. प्रिंटचं बटण दाबायचं, बस्स.

इथंच फसलो. कागद कोणता असं प्रिंटर विचारतो, तिथं मी 'ग्लॉसी फोटो पेपर' निवडलं. फोटो छापायचाय म्हणजे फोटो पेपरच, असं माझं सरळ गणित. कागदही नेहमीच्या खाचेतून घातला. आत जाताना करकर आवाज आला, एका कडेला शाईचा फराटा उमटला, आणि साडीचा झाला नुसता डाग. काळाही धड नव्हता, राखेसारखा. तरी हौसेपोटी मी तो बैलहोंगलला घेऊन गेलो. मामांनी चष्मा पुसून पुसून पाहिला.

"इदेन पा, बरी कप्प ऐती," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, जरा समजुतीच्या सुरात, "असू दे. जुना फोटो, त्यात तरी किती दिसणार?"

ते 'असू दे' मला लागलं. कारण दिसत होतं की! माझ्या घरी पडद्यावर दिसत होतं.

रात्री मुलाला फोन केला. तो हसला. "बाबा, ती यादी कागदाच्या नावाची वाटते, पण खरं तर तिथं तुम्ही प्रिंटरला तीन-चार हुकूम एकदम देता." शाई किती ओतायची, काळी शाई कोणती घ्यायची, छापणारं डोकं कागदापासून किती वर ठेवायचं, हे सगळं त्या एका निवडीवर ठरतं. या प्रिंटरात काळ्या शाया दोन आहेत. एक चकचकीत कागदासाठी, दुसरी मॅट कागदासाठी. कापसाच्या कागदावर चकचकीतवाली शाई घातली तर काळा रंग फिका पडतो, आणि शाई जास्त झाली की गडद भागातले बारकावे बुडतात. डोकं खाली राहिलं की जाड कागदाला घासतं. माझ्या तिन्ही चुकांचा उगम एकाच ओळीत होता. तिथं 'फाइन आर्ट', मॅट जातीतलं नाव निवडायचं आणि कागद मागच्या बाजूनं एकेक करून हातानं घालायचा.

दुसरा कागद घातला. यावेळी फराटा नाही, काळाही दाट, पण अज्जी तांबूस दिसायला लागली आणि साडी पुन्हा बुडालीच. हा घोटाळा रंगाच्या व्यवस्थेचा. कागदाची कंपनी त्या त्या प्रिंटरसाठी एक फाइल देते, तिला प्रोफाइल म्हणतात. ती वापरायची तर रंग सांभाळायचं काम फोटोच्या प्रोग्रॅमकडे द्यायचं आणि प्रिंटरमधली रंगदुरुस्ती बंद करायची. मी दोन्ही चालू ठेवली होती. म्हणजे आमटीत सासूनंही मीठ घातलं आणि सुनेनंही. आणखी एक गोष्ट त्या प्रोफाइलसोबतच्या सूचनापत्रकात होती. प्रोफाइल बनवताना कागदाची जी जात निवडली होती, तीच छापतानाही निवडायची, नाहीतर प्रोफाइलला काही अर्थ राहत नाही. हे पत्रक पाकीट आणल्यापासून मुलाच्या कपाटात पडून होतं. आपण औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी तरी कुठं वाचतो?

तीन कागद उरले. आता मात्र मी शहाण्यासारखा वागलो. तिसरा कागद चाचणीसाठी सोडला. फोटोतला फक्त पदराचा तुकडा कापून कागदाच्या एका टोकाला छापला, नंतर कागद उलटा फिरवून दुसऱ्या टोकाला, थोडा उजळ करून. पहिला पडद्यापेक्षा काळपट आला. कारण साधं होतं, माझा पडदाच फार झगझगीत ठेवलेला. पडद्यातून उजेड बाहेर येतो, कागद खोलीतल्या उजेडावर जगतो. पडद्याचा उजेड कमी केला, साडीचा भाग थोडा उचलला, तेव्हा दुसऱ्या टोकाला टाके दिसले. दुपारी खिडकीपाशी नेऊन भिंगातून पाहिले. मोजता येतील असे.

चौथा छापण्याआधी बाकीची तयारी केली. प्रिंटर बरेच दिवस बंद, म्हणून शाईची छिद्रं तपासणारा नमुना साध्या कागदावर काढला. दोन रेघा तुटलेल्या होत्या, एकदा साफसफाई करावी लागली. कोपऱ्यात वळलेला कागद रात्रभर शब्दकोशाखाली दाबून ठेवला. शाईची बाजू कोणती ते ओल्या बोटानं कोपऱ्यात पाहिलं. लेप असलेली बाजू बोटाला किंचित चिकटते. वेग वाढवणारा पर्याय बंद केला. चौथा सुंदर आला. दुसऱ्या दिवशी बघतो तर अज्जीच्या खांद्यावर तिळाएवढा पांढरा ठिपका! कापसाचा कण छापताना कागदावर होता, त्याच्यावर शाई बसली, आणि वाळल्यावर तो कण गळून पडला. छापण्याआधी मऊ ब्रशनं कागद झटकायचा असतो. पाचव्याला झटकला.

पाचवा एक दिवस उघडा वाळवला, मगच काच घातली. चौकटीतही फोटो काचेला टेकू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची किनार ठेवली. चौथा, ठिपक्यासकट, आमच्या बैठकीत आहे.

मामांनी चौकट मांडीवर घेतली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नखानं काचेवरून हळूहळू सरकत गेले. "ईग काणस्तैति नोड. हे गोपुर. हा तुळशीकट्टा." आणि एकदम मराठीत, जणू माझ्यासाठीच, "अव्वा हे परसदारी बसून काढायची. मी दोरा ओढायचो म्हणून पाठीत धपाटा घालायची. हे मी विसरलोच होतो बघ."

चहा झाला. निघताना मामा दारापर्यंत आले. "हुबळीच्या तुझ्या मावशीलाही एक पाहिजे. तिला तर अव्वाचं तोंडसुद्धा आठवत नाही."

नवं पाकीट मागवलंय. पंचवीस कागदांचं. हिला अजून किंमत सांगितलेली नाही.