पेटता क्रूस आला कोठून?

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले होते, हे वरूड-अमरावतीकडे नव्याने सांगावयास नको. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास टेनेसीतील पुलास्की गावी पराभूत दक्षिणेच्या सहा माजी सैनिकांनी ‘कू क्लक्स क्लॅन’ ही गुप्त संघटना काढली. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी मतदान करू नये, यासाठी ती रात्री घरांत शिरून चाबूक चालवी, खून पाडी. १८७१ च्या कायद्यानंतर ती मोडली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना.

पुढची पिढी मात्र मारेकऱ्यांच्याच प्रेमात पडली. १८६४ मध्ये जन्मलेल्या टॉमस डिक्सनने १९०५ च्या कादंबरीत त्यांना धर्मवीर केले. १९१५ मध्ये ग्रिफिथच्या चित्रपटाने त्यांना पडद्यावर घोडे दिले. आज क्लॅनची खूण मानला जाणारा पेटता क्रूस मूळ टोळीने कधी वापरलाच नव्हता! तो डिक्सनने स्कॉटलंडच्या जुन्या चालीवरून उचललेला. त्याच वर्षी विल्यम सिमन्सने जॉर्जियातील स्टोन माउंटनवर खरोखर क्रूस पेटवून संघटना पुन्हा उभी केली. ऑगस्ट १९२५ मध्ये तिचे हजारो सभासद राजधानी वॉशिंग्टनच्या राजरस्त्यावरून चालत गेले, चेहरे उघडे ठेवून.