उचंत

नायगावातल्या आमच्या चाळीच्या कमिटीचे हिशेब वडील ठेवत. ते गिरणीच्या हजेरी खात्यात कारकून; आकड्यांची सवय हाताला होतीच. महिन्याच्या शेवटच्या रात्री जेवणे आटोपली, की बाहेरच्या खोलीत लाल कापडाची वही उघडली जाई. पाण्याच्या पंपाची वर्गणी, गणपतीची वर्गणी, जिन्यातल्या दिव्यांचे बिल, आणि सर्वांत शेवटी एक शब्द : उचंत. पैसे आले पण कोणाचे ते कळले नाही, खर्च झाला पण पावती हाती आली नाही, की ती रक्कम तात्पुरती या सदरात जाई. लहानपणी मला उचंत हे कोणा बिऱ्हाडकरूचे आडनाव वाटे. हा गृहस्थ दर महिन्याला पैसे थकवतो आणि त्याच्यापायी वडिलांना जागावे लागते, अशी माझी समजूत होती.

हा शब्द माझ्या मनातून जवळजवळ पुसला गेला होता. तो परत आला २०२५ साली, वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर. म्हणजे शब्द तिथे नव्हता, अर्थ होता. १० मार्च २०२५ रोजी इंडसइंड बँकेने शेअर बाजारांना कळवले, की आपल्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या नोंदींत तफावत आढळली असून तिचा फटका डिसेंबर २०२४च्या नक्त मूल्याच्या सुमारे २.३५ टक्के इतका असेल. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे २७ टक्क्यांनी कोसळला. बाहेरच्या तपासनिसांनी पुढे हा आकडा मार्च २०२५अखेर १,९५९.९८ कोटी रुपये असा निश्चित केला. एप्रिल संपण्याआधी मुख्य कार्यकारी अधिकारी आणि त्यांचे उपप्रमुख दोघेही पायउतार झाले, आणि त्या वर्षाची शेवटची तिमाही सुमारे २,३२९ कोटींच्या तोट्यात गेली. या बँकेचे मुख्य कचेरीचे ठिकाण प्रभादेवीला, एके काळच्या ज्युपिटर मिलच्या जमिनीवर. नायगावहून निघाले तर रुळ ओलांडायचे, एवढेच अंतर.

मूळ दोष समजायला फारसा कठीण नाही. बँकेचे दोन विभाग आपापसात व्यवहार करीत. असा व्यवहार मुदतीपूर्वी मोडला, की कागदोपत्री नफा नोंदला जाई. एकाच घरातल्या दोन खिशांतल्या या देवघेवीत घराला काही मिळाले नव्हते, पण वही मात्र मिळाले असे म्हणत होती. रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२३चे नवे निर्देश १ एप्रिल २०२४ला लागू झाले तेव्हा हे अंतर्गत व्यवहार थांबले. मागची थकलेली बेरीज मात्र वहीतच राहिली. पुढच्या चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली : ‘इतर मालमत्ता’ या सदरात ५९५ कोटींच्या अशा रकमा होत्या, ज्यांना कसलाच आधार नव्हता, जानेवारी २०२५मध्ये त्या ‘इतर देणी’ या सदरातल्या रकमांशी वळत्या करण्यात आल्या होत्या. संचालक मंडळाने मे महिन्यात फसवणुकीचा, आणि तीत काही कर्मचाऱ्यांच्या सहभागाचा, संशय बोलून दाखवला. कोणाचा दोष किती, हे ठरवणे माझे काम नव्हे. मी ‘इतर’ या शब्दापाशी अडलो. आमच्या वहीतला उचंत तो हाच.

अडलो, कारण या शब्दाखाली मी स्वतः सही केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका कर्मचारी पतपेढीचा मी मानद सचिव होतो. हिशेब ठेवणारे गृहस्थ वयाने मोठे, वागण्याने निर्मळ. दर महिन्याला ते पत्रक पुढे ठेवीत, मी सही करीत असे. त्यात ‘किरकोळ येणे’ अशी एक ओळ होती, आणि ती दरसाल थोडी थोडी वाढत होती. एका तरुण सहकारी बाईंनी सभेत विचारले, की हे येणे नेमके कोणाकडून आहे? हिशेबनीसांचा चेहरा उतरला. मी त्यांच्या बाजूने ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘इथे विश्वासावर चालते.’’ टाळ्याही पडल्या. त्यानंतर दोन वर्षांनी कळले, की ते येणे नोकरी सोडून गेलेल्या सभासदांचे बुडालेले कर्ज होते. चोरी कोणीच केली नव्हती. पण जे पैसे यायचेच नव्हते ते येणार असे धरून आम्ही लाभांश वाटत आलो होतो. निवृत्त झालेल्या एका शिपायाला स्वतःची ठेव मिळायला चार महिने लागले. दरम्यान त्याने मुलीच्या लग्नासाठी व्याजाने पैसे काढले. ते व्याज कोणत्या सदरात लिहायचे, हे मला अजून कळलेले नाही.

एकनाथांच्या चरित्रातली कथा सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या घरी हिशेब लिहिताना एका पैची चूक लागेना. रात्रभर जागून ती सापडली तेव्हा नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर किती होईल! आपण कथेचा हा उत्तरार्ध शतकानुशतके सांगत आलो. वर्गात मीही सांगतो. पण आता मला पूर्वार्ध महत्त्वाचा वाटू लागला आहे. पै ही रक्कम ‘इतर’मध्ये सहज मावली असती. गुरूंनी विचारलेही नसते.

अडचण अशी, की नाथांची निष्ठा गृहीत धरून संस्था चालवता येत नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी स्वतःच्या पत्रात कबूल केले, की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. पुढे २०१३चा कंपनी कायदा आला. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीत आर्थिक नियंत्रणे पुरेशी आहेत आणि ती खरोखर चालतात, हे संचालकांनी लिहून द्यायचे. त्यावर लेखापरीक्षकाने वेगळे मत द्यायचे. १ एप्रिल २०२३पासून तर हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक फेरफाराची तारखेसह खूण राहणे बंधनकारक आहे, आणि ती सोय बंद करता येत नाही. वडिलांच्या वहीत हाच नियम होता : खाडाखोड चालणार नाही, चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

दुरुस्तीची कृतीही साधीच असते. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा, ताळा घेणारा तिसरा. आणि उचंत खात्यातल्या प्रत्येक रकमेला एक वय व एक उत्तरदायी माणूस. हे सारे आम्हालाही माहीत होते. आडवी आली ती भाषा. आपल्याकडे ‘तपासणी’ म्हटले की ‘संशय’ ऐकू येतो. प्रश्न विचारणारा माणूस उद्धट ठरतो आणि न विचारणारा सज्जन. गंमत म्हणजे परीक्षेच्या उत्तरपत्रिका मी तपासल्यावर त्यांतल्या काही मॉडरेटर पुन्हा तपासतो, तेव्हा मला अपमान वाटत नाही. ते दरवर्षी होते, सर्वांचे होते, आणि ते न होणेच विचित्र वाटेल. त्या बाईंचा प्रश्न असाच दर महिन्याला, कोणीतरी, ठरलेल्या दिवशी विचारत असता, तर हिशेबनीसांचा चेहरा उतरला नसता आणि मला शूर होण्याची पाळी आली नसती.

वडील गेल्यावर कपाट आवरताना ती लाल वही सापडली. प्रत्येक महिन्याच्या बेरजेखाली वडिलांची सही आणि शेजारी दुसरी एक. ती सही कोपऱ्यातल्या खोलीतल्या मास्तरांची होती. नळाच्या पाण्यावरून भांडण होऊन या दोघांचे बोलणे बंद झाले होते, ते कित्येक वर्षे. मी आईला विचारले, बोलत नव्हते तर सही कशी? आई म्हणाली, ‘‘वही घेऊन तेच जायचे त्यांच्याकडे. म्हणायचे, तो माणूस माझी एक चूक सोडायचा नाही.’’