उताराचा हिशेब

मी बी.कॉम. झालेला माणूस. गेली वीस वर्षे एका कंपनीच्या हिशेब खात्यात कारकुनी करतो आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीचे काम पाहतो. रस्ते, पूल, डोंगर यांच्या आखणीशी माझा कधी संबंध आला नव्हता. तो माझ्या मुलीमुळे आला. त्यातून मला जे समजले ते आपल्यासारख्या टेकडीवर आणि टेकडीखाली राहणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला टेकडीच्या उतारावर राहतो. 12 जुलै 2000 रोजी इथल्या आझादनगरात दरड कोसळली आणि सत्तरच्या आसपास माणसे गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो. आम्ही पोरे घमेली घेऊन धावलो होतो. त्या चिखलाचा वास अजून गेलेला नाही. पुढे 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, साकीनाक्यालाही दरडीने अनेक बळी घेतले. तेव्हापासून आमच्याकडे जून लागला की घरातील मोठी माणसे रात्री अर्धवटच झोपतात.

माझी मुलगी सिव्हिलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावा लागतो. तिने आणि तिच्या तीन सोबत्यांनी आमच्याच टेकडीच्या पायथ्याचा रस्ता घेतला. रस्ता पाच फूट रुंद करायचा झाला तर टेकडीच्या बाजूचा उतार कसा कापावा लागेल, हे संगणकावर आखून दाखवायचे. त्यासाठी सिव्हिल थ्री-डी नावाचा प्रोग्राम आहे. विद्यार्थ्यांना तो शिकण्यासाठी फुकट मिळतो.

एका रात्री ती लॅपटॉप घेऊन बसली होती. मी जेवण उरकून शेजारी बसलो आणि म्हणालो, “पोरी, मला समजेल असं सांग.”

ती म्हणाली, “पप्पा, आधी जमीन मोजायची. ठिकठिकाणचे बिंदू घ्यायचे, प्रत्येकाची जागा आणि उंची. संगणक ते बिंदू जोडून त्रिकोण करतो आणि सगळ्या त्रिकोणांची मिळून जमीन तयार होते. मग रस्त्याची मधली रेषा आणि रस्त्याचा आडवा छेद द्यायचा. रस्ता, गटार, आणि गटाराच्या पलीकडे उतार. उतार किती ते आपण सांगायचं. एक फूट चढायला दीड फूट आडवं सांगितलं, की तो गटाराच्या कडेपासून तसाच चढत जातो आणि जिथं जमिनीला भेटतो तिथं थांबतो. त्या जागेला डेलाइट म्हणतात. म्हणजे उतार तिथं उजेडात येतो.”

जमीन वर असेल तर खोदाई, खाली असेल तर भराव. शेवटी किती माती कापली आणि किती भरली याचा आकडा प्रोग्राम स्वतः काढून देतो. हे ऐकून मला आनंद झाला. म्हटले, हा तर जमाखर्चच आहे!

हिशेब अगदी सोपा आहे. दहा फूट उंच कापायचे असेल आणि उतार एकास दीड ठेवला, तर आडवी पंधरा फूट जागा लागते. एकास दोन ठेवला तर वीस फूट. उतार जितका सौम्य तितका सुरक्षित, पण तितकी जागा जास्त. आणि आपल्याकडे जागा म्हणजे कुणाचे तरी घर असते.

तिच्या पडद्यावर ती डेलाइटची रेषा रस्त्यापासून वीस फुटांवर, पहिल्या ओळीतील घरांच्या ओट्यापाशी येऊन थांबली होती. एकही घर जात नव्हते. त्या ओळीत माझी थोरली बहीण राहते. भावजी गेल्यापासून ती एकटीच असते. मी निश्चिंत झालो.

पण पडद्यावरची टेकडी मला ओळखीची वाटेना. रस्त्यापासून वरच्या बोळापर्यंत सरळ घसरगुंडीसारखा चढ दिसत होता. मी विचारले, “अगं, रस्त्याला लागून जो उभा कडा आहे, तो कुठाय? झुडपं नि कचरा आहे तिथला?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तिथं उभं राहायला जागा नव्हती, पप्पा. काटे होते, घाण होती. आम्ही रस्त्याच्या कडेचा बिंदू घेतला आणि वरच्या बोळातला घेतला. मधलं संगणकानं जोडलं.”

बंधू-भगिनींनो, हिशेब लिहिणाऱ्याला तेरीज म्हणजे काय ते ठाऊक असते. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळल्या की माणूस समाधानाने वही मिटतो. पण आम्हाला कॉलेजात पहिल्यांदा हेच शिकवले होते, की तेरीज जुळली म्हणजे वही बरोबर आहे असे नव्हे. जो व्यवहार वहीत लिहिलाच नाही, तो दोन्ही बाजूंना नसतो. तेरीज जुळते आणि चूक तशीच राहते. त्या रात्री मला ती चूक पडद्यावर दिसली. जमीन नीटनेटकी होती, आकडे जुळत होते आणि आमचा कडा वहीत लिहिलेलाच नव्हता.

रविवारी आम्ही कडा मोजायला गेलो. शेजारच्या गवंडीकाकांनी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणली, जी लावून ते चौथऱ्याची पातळी काढतात. ओळंबा आणला, टेप आणला. काटे तोडले. वरून दोर धरून एक पोरगा मध्ये उतरला. तीन तासांत चौदा बिंदू झाले. रस्त्यापासून अवघ्या आठ फुटांत जमीन चौदा फूट चढत होती. त्यावर घरे. घरांच्या न्हाणीचे पाणी दोन ठिकाणी त्या कड्यातच मुरत होते.

घरी येऊन मुलीने नवे बिंदू घातले. रेषा हलली. वीस फुटांवरून तिसाव्या फुटावर गेली. दहा फूट म्हणजे संगणकावर बोटभरही नाही. आमच्याकडे दहा फूट म्हणजे एक घर.

संध्याकाळी आक्का चहा घेऊन आली. तिला सगळे सांगितले. तिने एकच विचारले, “मग माझं घर त्या रेषेच्या आत का बाहेर?”

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, “आक्का, आत आहे.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “रस्ता होईल तेव्हा होईल. पण तो कडा तर आत्ताच तसा आहे ना?”

खरे सांगतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी रेषेत घर जाते की राहते एवढेच पाहत होतो. एकास दीडचा उतार जिथे पाहिजे तिथे आज जवळजवळ उभा कडा आहे आणि त्याच्या डोक्यावर माझी बहीण झोपते, हे तिने सांगितले तेव्हा मला उमगले.

मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, “भिंत मागू.” मुलीने मला थांबवले. प्रोग्राममध्ये उताराऐवजी भिंतही आखता येते. मग रेषा घरांपर्यंत जात नाही. “पण पप्पा,” ती म्हणाली, “हा प्रोग्राम आपण सांगू तसा उतार काढतो, सांगू तशी भिंत काढतो. ती टिकेल का हे तो सांगत नाही. त्याला मातीची तपासणी लागते, वेगळं गणित लागतं. आणि भिंतीमागं पाणी साठलं तर भिंतच माणसांवर येते.” 2 जुलै 2019 ची मालाडच्या पिंपरीपाड्याची रात्र आठवा. मुसळधार पावसात तिथली भिंत पडली आणि झोपलेली माणसे गेली. 18 जुलै 2021 च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरात तेच झाले. 4 ऑगस्ट 2020 ला तर कांदिवलीला टेकडीचा भाग थेट पश्चिम द्रुतगती महामार्गावर आला. तो मोठा रस्ता, तरी उताराने त्याची पर्वा केली नाही.

आम्ही अर्ज केला. त्यात भिंत द्या एवढेच लिहिले नाही. कड्याची पुन्हा मोजणी करा, प्रत्येक घर नकाशात दाखवा, माती तपासा, भिंत बांधणार असाल तर पाणी निघायची भोके आणि मागे गटार ठेवा, आणि घर हलवावेच लागणार असेल तर आधी जवळपास घर द्या, मग हात लावा. सोबत मुलीचा नकाशा जोडला. त्याच्या कोपऱ्यात तिने लिहिले होते, ‘विद्यार्थ्यांनी केलेली मोजणी, अधिकृत तपासणी आवश्यक.’ मला तो प्रामाणिकपणा आवडला. अर्जावर आवक क्रमांक घेतला. भिंत अजून झालेली नाही. पाठपुरावा चालू आहे.

पण काही गोष्टी आमच्या हातात होत्या. न्हाण्यांचे पाणी कड्यात न सोडता नळी टाकून गटारात नेले. पायथ्याची माती कुणी खणायची नाही, असे बैठकीत ठरले. जमिनीला भेग दिसली, खांब किंवा झाड कलले, दार अचानक अडकू लागले, उतारातून गढूळ पाणी येऊ लागले, की कुणाची वाट न पाहता खाली यायचे, हे घरोघर सांगितले. आणि पावसाळ्यात आक्काचे अंथरूण आमच्याकडे असते. ती कुरकुर करते, पण येते.

आपली मुले आता इंजिनीअर होत आहेत, याचा अभिमान बाळगा. पण उद्या ती एखाद्या ऑफिसात बसून टेकडी आखतील, तेव्हा जिथे उभे राहायला जागा नाही तिथलाही बिंदू घ्या, एवढे त्यांना घरातूनच सांगा. आणि तुमच्या वस्तीत कोणी मोजणीला आले, तर दार लावून घेऊ नका. बाहेर या, कडा दाखवा, पाणी कुठे मुरते ते दाखवा. वहीत नोंद झाली तरच पुढचा हिशेब होतो.