कमठा

2023 च्या ऑगस्टात साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, आणि इकडं हिंजवडीत आमच्या नातीनं हट्ट धरला. "आबा, मला पण धनुष्य पाहिजे." अदितीच्या धनुष्याला चाकं असतात. म्हटलं, चाकाचं मागनं बघू, आधी साधा बांबूचा कमठा घे. पुण्यातल्या एका प्रदर्शनात बांबूकामाचा गाळा होता, तिथं गेलो. पोरीनं सगळ्यात जाड कमठा उचलला आणि माझ्या पोटात धस्स झालं.

कोयनेचा भूकंप झाला ते 1967 साल. मी दहा वर्षांचा. आज जिथं कंपन्यांच्या काचा चमकतात तिथं तेव्हा भातखाचरं होती, आणि आमच्या ओढ्याकाठी कातकऱ्यांची चार खोपटं. त्यातला एक म्हातारा आमच्याकडं कापणीला यायचा. आम्ही त्याला बाबा म्हणायचो. तो मला, एवढ्याशा पोराला, 'मालक' म्हणायचा.

त्याचा कमठा खोपटात धुरावर टांगलेला असायचा. भरीव मेसाचा, अंधाऱ्या पाखात तोडलेला, वर्षभर सावलीत वाळवलेला. सालीची बाजू बाहेर, तासलेली आत. वाकताना ताण बाहेरच्या अंगावर येतो आणि साल चिवट असते, म्हणून तसं. ससा, तित्तर, जे मिळेल ते त्याच्यावरच मिळायचं.

मला त्यानं एक बारका दाखवला. "मालक, ह्यो घ्या. वढून धरल्याव हात कापला नाय पायजे. हात कापला का तीर रानात."

मला बारका नको होता, त्याचाच हवा होता. वडलांपुढं भोकाड पसरलं. वडील म्हणाले, "दे रं दोन दिस." त्यानं दिला. न देऊन सांगतो कुणाला?

माझ्यानं तो अर्धासुद्धा ओढवेना. मग थोरल्या भावानं आणि मी मिळून, मुठीला पाय लावून ओढायचा आणि सोडायचा खेळ सुरू केला. तीर न लावताच. तीर असला की जोर तिराबरोबर जातो. नसला की तो सगळा परत बांबूत शिरतो. हे आता कळतंय. तिसऱ्या खेपेला कडाडकन मोडला.

तुकडे घेऊन गेलो. बाबानं ते हातात फिरवले. "डोळ्याला लागलं न्हाई, बरं झालं," एवढंच म्हणाला. चार दिवसांनी ओल्या बांबूचा एक लहान कमठा मला करून दिला. त्याचा स्वतःचा नवा व्हायला वर्ष लागणार होतं. त्या हिवाळ्यात तो आमच्या खाचरातली उंदरांची बिळं उकरताना दिसायचा. आईनं पायलीभर तांदूळ पाठवले. मी त्या लहान कमठ्यानं चिंचा पाडल्या.

पुढं जमिनी गेल्या. आम्हाला पैसे मिळाले. खोपटांच्या नावानं कुठल्याच कागदावर काही नव्हतं.

प्रदर्शनात नातीला म्हटलं, "ओढ आणि दहा आकडे धर. सोडायचा नाही, हळू मागं न्यायचा." चाराला हात कापायला लागला. तिनं गाल फुगवले. दुसराही जड निघाला. तिसरा, तिच्या कपाळापर्यंत येणारा, दहापर्यंत टिकला. तोच घेतला.

रात्री ती दमून झोपली. दोरी उतरवायची विसरली होती. ताणलेला ठेवला तर बांबू वाकडा बसतो. उठून उतरवली.